वर्षाची बेगमी आणि घरचा अन्नखर्च

(देवळा, जि. नाशिक येथे पंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेले भाषण)



चैत्र-वैशाखात उन्हाळ कांदा निघाला की उमराणे आणि देवळा येथील बाजार आवारांत ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, हे दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. अशाच एका गावात भाद्रपदात एका शेतकऱ्याच्या घरी मी गेले, तेव्हा सुपात दुकानातून किलोने आणलेला कांदा दिसला. चार महिन्यांपूर्वी त्याच घरातून कांदा बाजारात गेला होता. चाळ नव्हती, सोसायटीची परतफेड होती, माल एकदम द्यावा लागला. कारणे खरी होती. परंतु घरापुरता एक क्विंटल मागे ठेवावयास चाळ लागत नाही. पडवीतील एक कोपरा पुरतो. त्या घरच्या बाई म्हणाल्या, ‘ताई, काढणीच्या गडबडीत ते ध्यानातच आले नाही.’ आजचे माझे बोलणे या ध्यानात न येण्याविषयीच आहे.

घरातील अन्नखर्चाची बचत हा विषय पंचायतीच्या सभेपुढे सहसा येत नाही. तो बायकांचा विषय समजला जातो आणि बायकांनीच तो निस्तरावा अशी अपेक्षा असते. पैसा कमी पडला की घरात काय घडते, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. डाळ पातळ होते, दूध डेअरीवर जाते, आणि सर्वांचे जेवण झाल्यावर उरेल त्यावर घरची बाई भागवते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. ताटातून केलेल्या काटकसरीची किंमत अशी चुकवावी लागते. म्हणून बचत कोठे करावी, याइतकाच कोठे करू नये हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

पैसा नेमका जातो कोठे, हे प्रथम पाहू. केंद्र शासनाच्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत १९९९-२००० साली देशातील ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी सुमारे ५९ टक्के खर्च अन्नावर होत होता. २०२३-२४ च्या पाहणीत तो ४७ टक्के झाला. प्रगतीच म्हणावयाची. पण आतील आकडे पाहिले म्हणजे चित्र पालटते. तृणधान्यांवरील खर्च त्या काळात २२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि चहापाणी, फरसाण, बिस्किटे व तयार खाद्यपदार्थ यांचा खर्च ४ टक्क्यांवरून जवळजवळ १० टक्क्यांवर गेला. म्हणजे आज खेड्यातील घर धान्यावर खर्च करते त्याच्या जवळपास दुप्पट रक्कम पुड्यांवर आणि हॉटेलावर खर्च करते. डाळींचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आहे. हे आकडे देशाचे असले, तरी देवळ्याच्या बसस्थानकासमोर अर्धा तास उभे राहिल्यास ते येथेही खोटे वाटणार नाहीत.

आता एका घराचा हिशेब मांडते. भाव रोज बदलतात, म्हणून मी रुपये सांगणार नाही, किलो सांगेन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी दररोज २५० ग्रॅम तृणधान्य, ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये (मांसाहारी घरांत अंडी-मासे धरून), ४०० ग्रॅम भाज्या, ३०० मिलिलिटर दूध आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण दिले आहे. लहान मुलांना यापेक्षा कमी लागेल, शेतात राबणाऱ्यास अधिक लागेल. पाच माणसांच्या घरात दोन्ही प्रकारचे लोक असतात, म्हणून सरासरी धरू. अशा घरास वर्षाकाठी सुमारे साडेचार क्विंटल धान्य आणि दीड क्विंटलाहून थोडी अधिक डाळ-कडधान्य लागेल.

हे घर २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंब असेल, तर माणशी महिना ५ किलो या हिशेबाने त्यास वर्षाला ३ क्विंटल धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. म्हणजे उरले दीड क्विंटल. बाजरी पिकवणाऱ्या तालुक्यातील शेतकऱ्यास दीड क्विंटल बाजरी विकत घेण्याचे कारण पडू नये. आणि भूमिहीन मजुराने ती एकदाच, सुगीच्या दिवसांत खळ्यावर घेतली, तर अडत, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा हे तिन्ही वाचतात.

खरा प्रश्न डाळीच्या दीड क्विंटलाचा आहे. आपल्याकडे पूर्वी बाजरीच्या पाभरीत तुरीच्या आणि मठाच्या ओळी हमखास असत. मठ म्हणजे मटकी, हे बाहेरगावच्या अधिकाऱ्यांसाठी सांगते. उडीद, मूग, कुळीथ हेही घरापुरते निघत. मका आला, कांदा वाढला, आणि या ओळी गेल्या. कांद्याने आणि मक्याने पैसा दिला, हे मान्य करावयास हवे. पण आज कांदा पिकवणारे घर तुरीची डाळ पावशेर-अर्धा किलोने आणते आणि ती महाग म्हणून भाजीत पाणी वाढवते. चार गुंठ्यांत घरापुरती तूर-मठ पेरणे हा तोट्याचा व्यवहार नव्हे. शंभर ग्रॅम मठात किंवा तुरीच्या डाळीत बावीस-तेवीस ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यात पंचवीस, बाजरीत साडेअकरा. बिस्किटाच्या पुड्यात जवळजवळ मैदा, साखर आणि तेलच असते. पोषणाच्या हिशेबाने स्वस्त काय आणि महाग काय, हे या आकड्यांवरून मुलेही सांगू शकतील. उडीद-ज्वारीच्या पिठाची कळण्याची भाकरी करणाऱ्या आपल्या आजीबाईंना प्रथिनांची संज्ञा माहीत नव्हती, मिश्रणाचा गुण मात्र माहीत होता.

आता साठवणीकडे वळते. येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण वर्षाची बेगमी करण्यास लोक तयार नसतात ते मुख्यतः कीड लागते म्हणून. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. एका वर्षी माझ्या स्वतःच्या घरी मठ भरताना अवकाळी पाऊस आला. वाळवण उचलले, दोन दिवस पुन्हा ऊन पडले नाही, आणि मी घाईने डबे भरून टाकले. श्रावणात झाकण काढले तर वरचा थर हलत होता. भुंगेऱ्यांनी दाण्यादाण्याला भोक पाडले होते. सबंध मठ गुरांपुढे टाकावा लागला. माझ्या सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी वाळवण घालावयास स्वतः ओट्यावर बसल्या.

त्यांच्याकडून जे शिकले आणि पुढे पुस्तकांत वाचले, ते सारखेच निघाले. धान्यातील ओल्याव्याचे प्रमाण दहा-बारा टक्क्यांच्या वर असेल तर कोणताही उपाय चालत नाही. वैशाखातील तीन उन्हे पातळ थरात द्यावीत. संध्याकाळी उचललेले गरम धान्य तसेच भरू नये. ते रात्रभर निवू द्यावे, नाहीतर आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. कोठी आधी उन्हात तापवून कोरडी करावी, गेल्या वर्षीचा एक दाणाही तीत राहता कामा नये. काठोकाठ भरावी, कारण रिकाम्या जागेतील हवेवर कीड जगते. कोठी भिंतीपासून वीतभर दूर, फळीवर ठेवावी. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथरांत घालण्याची रीत चांगली आहे, परंतु ओले धान्य पाल्याने टिकत नाही. रोजच्या वापरासाठी लहान डबा वेगळा ठेवावा. मोठी कोठी महिन्यातून एकदाच उघडावी. बाजरी दळून ठेवू नये, पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होते.

कडधान्याची गोष्ट थोडी निराळी आहे. भुंगेऱ्याची अंडी शेतातच शेंगेवर घातली जातात आणि ती आपल्या घरात दाण्याबरोबर येतात. म्हणून तूर, हरभरा, मूग यांची डाळ पावसाळ्यापूर्वी करून घेणे हा सर्वोत्तम उपाय, कारण फुटलेल्या डाळीत हा किडा सहसा वाढत नाही. अख्खे ठेवावयाचे तेवढे किलोस चमचाभर खाद्यतेल चोळून ठेवावे. घरच्या जात्यावर शंभर किलो तुरीची साठ-पासष्ट किलो डाळ पडते, यंत्रावर सत्तर-पंच्याहत्तर. चुणी गुरांना होते. एवढ्या फरकासाठी प्रत्येक घराने यंत्र घेणे शक्य नाही, पण पाच-सात बचत गटांनी मिळून एक लहान डाळयंत्र चालविणे शक्य आहे. मालेगाव-नाशिकहून पाकीटबंद डाळ आणण्यापेक्षा हा मार्ग सरळ आहे.

एक गोष्ट मात्र अत्यंत गांभीर्याने सांगावयाची आहे. किडीसाठी म्हणून कृषी सेवा केंद्रांतून कोणाच्या तरी ओळखीने ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणून घरातील कोठीत टाकण्याची प्रथा काही गावांत आहे. या गोळ्यांतून हवेतील ओलाव्याने फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. तो जड असल्याने खोलीत तळाशी साचतो, आणि झोपलेली माणसे, विशेषतः लहान मुले, त्यास बळी पडतात. या गोळ्या गोदामांत प्रशिक्षित माणसांनी वापरावयाच्या आहेत. राहत्या घरात त्यांस जागा नाही. ग्रामसेवक, आरोग्यसेविका आणि शिक्षक यांनी ही एकच गोष्ट आपल्या गावात पोचविली, तरी आजचे येणे सार्थकी लागले असे मी समजेन. वर्षाचे धान्य वाचविताना घरातील माणूस जाणे, याहून मोठी विटंबना कोणती?

कांद्याविषयी देवळ्यात येऊन सांगणे म्हणजे गिरणेकाठी पाण्याची महती सांगणे होय. तरीही दोन वाक्ये. पाच माणसांच्या घरास महिना सात-आठ किलो कांदा लागतो. ज्येष्ठ ते कार्तिक या सहा महिन्यांत वजनातील घट आणि सड मिळून तीस-चाळीस टक्के जाते असे धरले, तरी पाऊण ते एक क्विंटल पुरे. तो उन्हाळ कांद्यातीलच असावा, लाल कांदा टिकत नाही. मध्यम आकाराचे, बारीक मानेचे कांदे निवडावेत, मान बोटभर ठेवून कापावी, सावलीत सुकवावे आणि बांबूच्या तट्ट्यावर वीत-दीड वीत थरात पसरावेत. पंधरा दिवसांनी सडके वेचावेत. जे टिकणार नाहीत असे दिसते, ते आधीच चिरून वाळवावेत. आठ-दहा किलोंचा एक किलो होतो, आणि रश्श्याच्या वाटणास तो ताज्याइतकाच कामास येतो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात भाव कसे हलले ते आपण सोसले आहे. बाजारावर आपला ताबा नाही, पडवीतील तट्ट्यावर आहे.

वाळवणाची कला आपल्या कसमादे भागात अजून जिवंत आहे. नागलीचे पापड, बिबड्या, कुरडया, सांडगे प्रत्येक घरी होतात. मात्र हे पदार्थ हौसेचे झाले आणि पोटाचे वाळवण मागे पडले. माघात हरभऱ्याचा पाला, मेथी, कोथिंबीर मातीमोल होते. ती सावलीत वाळवून ठेवणाऱ्या घरास ज्येष्ठात भाजी विकत घ्यावी लागत नाही. शेवग्याचे एक झाड दारी असावे, शेंगा विकल्या तरी पाला घरात यावा. सांडपाण्यावरील चार वाफे, दुधीचा एक वेल, पपईचे एक झाड, याला परसबाग म्हणतात आणि शाळांतून तिचे महत्त्व आता शिकविले जाते. ज्या शाळेने परसबाग चांगली केली आहे, तिने पालकांस ती पाहावयास बोलवावे. फलक लावून भागत नाही.

पुड्यांविषयी थोडक्यात. पाच रुपयांचा पुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांचाच राहतो आणि आतील वजन घटत जाते. पाकिटावर आता ग्रॅमची अथवा किलोची किंमत छापण्याचे बंधन आहे. ती वाचण्याची सवय मुलांना लावावी. गणिताच्या तासाला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. तेलाचेही तसेच. देशात लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते, त्यामुळे मलेशिया-इंडोनेशियात किंवा युक्रेनमध्ये काही घडले की आपल्या कढईत त्याचा चटका बसतो. आपल्या रश्श्यावर तर्री हवीच, हे मी जाणते. मीही याच भागातील आहे. तरी माणशी २७ ग्रॅम म्हणजे पाच माणसांना महिन्याला चार किलो, हे प्रमाण घरी एकदा मोजून पाहावे.

उधारीविषयी सांगावयाचे राहिले. मजुराचे घर महिनाभर दुकानातून उधार नेते आणि त्यामुळे भाव विचारण्याचा अधिकारच गमावते. अशा घरांना ‘एकदम घ्या, स्वस्त पडेल’ हा उपदेश कोरडा आहे. तेथे गटाने पुढे यावे. बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून फाल्गुन-चैत्रात तूर, बाजरी, मिरची, शेंगदाणे एकत्र खरेदी करून सभासदांस वाटावे आणि हप्त्याने वसूल करावे. लग्नकार्यासाठी गट कर्ज देतो, मग बेगमीसाठी का देऊ नये? कांदा लागवडीस आणि काढणीस सुरगाणा-पेठकडून येणारी मजूर कुटुंबे तर आपल्या गावात असताना सर्वच विकत घेतात. शिधापत्रिका त्यांच्या गावची असली, तरी आता त्यांना येथील रास्त भाव दुकानातून आपले धान्य अंगठा लावून घेता येते. ही गोष्ट त्यांना सांगणारे कोणी नसते. तलाठी कार्यालय, दुकानदार आणि ज्यांच्या शेतात ते राबतात ते शेतकरी, या तिघांनी ती सांगावयास हवी.

१९७२ च्या दुष्काळात मी लहान होते. दुष्काळी कामावर सुकडी मिळे, रेशनवर तांबडी मिलो मिळे, आणि तिची भाकरी गिळवत नसे. त्या वर्षी आमच्या गल्लीतील एका म्हातारीने कणगीच्या तळाशी राहिलेली दोन वर्षांपूर्वीची बाजरी काढली. ती काळवंडली होती, पण किडली नव्हती. तिने ती शेरशेर मापून सात घरांत वाटली. कणगी बंद करताना तिने तोंडाला शेणमातीचा लेप किती जाड दिला होता, याची चर्चा पुढे कित्येक वर्षे आमच्याकडे होई.

पंचायतीकडून माझी मागणी मोठी नाही. चैत्राच्या ग्रामसभेत बेगमीचा विषय घ्यावा. मंदिराचा अथवा समाजमंदिराचा फरसबंद ओटा वैशाखातील तीन आठवडे वाळवणासाठी मोकळा ठेवावा, कारण ज्यांना अंगण नाही त्यांचे धान्य ओले राहते आणि तेच किडते. शाळेतील पाचवीपर्यंतच्या मुलास दुपारच्या जेवणात १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी देण्याचे प्रमाण ठरलेले आहे. तेच प्रमाण मापात घालून पालकसभेत दाखवावे, म्हणजे घरच्या वरणात किती डाळ पडते याचा अंदाज प्रत्येकास आपोआप येईल.

बाहेर ओट्यावर मी तीन डबे आणून ठेवले आहेत. एकात तीन उन्हे दिलेली बाजरी आहे, दुसऱ्यात एकच ऊन दिलेली, आणि तिसऱ्यात तेल चोळलेला मठ. तिन्ही डबे गेल्या वैशाखात एकाच दिवशी भरले होते आणि आज प्रथमच उघडावयाचे आहेत. दाणा दाताखाली धरून पाहावा. कट्‌ असा आवाज आला तर धान्य वाळलेले, नुसता चेपला तर ओले. चहा तयार आहे, पण आधी डबे उघडू या.